रबरी मगरीच्या बाजूने

त्या सिनेमात एक मगर आहे आणि ती रबराची आहे, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे मग ते मला समजावून सांगायला कुणी पुढे यायला नको. खलनायकाच्या तळघरात हिरव्या पाण्याचा हौद आहे, त्यात ती तरंगते. गद्दार माणसाला आत ढकललं की तिचा जबडा उघडतो. उघडतो, पण मिटत नाही. मिटायची सोयच केलेली नसावी. तो बिचारा नट स्वतःच दोन्ही हातांनी तिचा जबडा धरून आपल्या मानेवर मिटून घेतो आणि वर किंकाळीही फोडतो. हेलिकॉप्टर उडतं तेव्हा त्याचा पंखा फिरत नाही. क्षेपणास्त्र म्हणजे चंदेरी रंग दिलेलं पत्र्याचं पिंप, आणि ते सुटतं तेव्हा वरची दोरी दिसते. नायक देशातला सर्वांत गुप्त हेर आहे आणि तो पांढरा सूट, पांढरे बूट घालून लाल उघड्या मोटारीतून हिंडतो. वेषांतर करायचं झालं की दाढी चिकटवतो, आणि मग सख्खी बहीणसुद्धा त्याला ओळखत नाही.

हे सगळं मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. आणि तो सिनेमा मला आवडतो. हल्ली लोक अशा सिनेमांना ‘इतका वाईट की चांगला’ म्हणतात आणि म्हणताना एक भुवई वर करतात. ती भुवई पाहिली की माझं डोकं फिरतं. का फिरतं, ते सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल.

आई कराडजवळच्या खेड्यातली. वडील फौजेत हवालदार होते. मी पाच वर्षांची असताना त्यांना दिल्ली छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं आणि आई मला आणि दोन ट्रंका घेऊन तिथे आली. तिला हिंदी येत नव्हती. थोडीसुद्धा नाही. आमच्या रांगेतल्या बायका गढवालच्या, हरियाण्याच्या, एक-दोन पंजाबच्या. सकाळी नळावर त्या बोलायच्या आणि आई हसून मान हलवायची. गावाकडे चार घरांना पुरेल एवढं बोलणारी बाई, दिल्लीत मुकी झाली. वडील ड्यूटीवर गेले की घरात फक्त मी, आणि पाच वर्षांच्या मुलीशी माणूस किती बोलणार?

शनिवारी संध्याकाळी मैदानात पडदा लागायचा. पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, मागे जवान, आणि एका बाजूला सतरंज्यांवर आम्ही, म्हणजे फॅमिल्या. तिथे आम्ही तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला. मगरीचा प्रसंग आला आणि सगळं मैदान हसलं. आमच्या शेजारची गढवाली बाई तर इतकी हसली की आधार म्हणून तिने आईचा खांदा धरला, आणि मग आईही हसत सुटली. दोघी एकमेकींना धरून डोळे पुसत होत्या. त्या नटाच्या त्या धडपडीला जवानांनी टाळ्या वाजवल्या. आणि दोनच मिनिटांनी नायकाची आई गोळी लागून पडली तेव्हा तेच मैदान गप्प झालं. आमच्या पुढचा एक मिशीवाला नाईक रुमाल शोधायला लागला. हे दोन्ही एकाच मैदानात, त्याच माणसांना झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे. कुणीही कुणाला फसवत नव्हतं आणि कुणीही फसत नव्हतं.

थोड्याच दिवसांत वडिलांना सरहद्दीवर जायचा हुकूम आला. जायच्या आधी त्यांनी सदर बाजारातून एक टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी आणल्या. एक भजनांची, दुसरी त्या सिनेमाच्या डायलॉगची. तेव्हा गाण्यांसारख्या डायलॉगच्याही कॅसेटी मिळत. भजनांची कॅसेट आईने दोनदा लावली असेल. दुसरी मात्र रोज सकाळी भाकऱ्या थापताना आणि दुपारी शिवणाच्या मशीनवर बसल्यावर. अर्थ कळायच्या आधी तिला वाक्यं पाठ झाली. मग हळूहळू अर्थ कळला. आणि एक दिवस ती हिंदी बोलायला लागली.

कुणाची हिंदी? खलनायकाची. दुसरी ऐकलीच कुठे होती तिने?

भाजीवाल्याने भाव चढा सांगितला की आई म्हणायची, “सौदा मंज़ूर नहीं. ले जाओ इसे मेरी नज़रों से दूर.” दूध पातळ आलं तेव्हा दूधवाल्याला म्हणाली, “इस दूध में मुझे साज़िश की बू आती है.” माझ्या शाळेच्या दारात बाईंना म्हणाली, “मेरी बेटी को सही-सलामत मेरे हवाले कर दो.” बाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या. नळावरच्या बायका हसायच्या आणि मग तिला साधं वाक्य शिकवायच्या. तीही हसायची. पण साधी हिंदी यायला लागल्यावरसुद्धा तिने ती भारी वाक्यं सोडली नाहीत. म्हणायची, “साध्या बोलण्याला इथं कोण विचारतंय?”

आता बसची गोष्ट.

सरोजिनी नगरला स्वेटर स्वस्त मिळतात म्हणून आम्ही दोघी निघालो होतो. बस खच्चून भरलेली. मी आईच्या पुढे, तिच्या आणि सीटच्या दांड्याच्या मध्ये, हातात पिशवी. एका जागी आईचं शरीर ताठ झालेलं मला पाठीला जाणवलं. ती पुढे सरकली. सरकायला जागा नव्हती, मी दांड्यावर दाबली गेले. मग ती पुन्हा सरकली. मी वर पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक आणि ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. तिच्या मागे एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. त्याचा दुसरा हात कुठे होता ते मला तेव्हा कळलं नाही. काही वर्षांनी, माझी स्वतःची कॉलेजची बस सुरू झाल्यावर, आपोआप कळलं.

आईने मान वळवली आणि सबंध बसला ऐकू जाईल अशा आवाजात, मध्ये नीट थांबून, ती म्हणाली:

“उँगलियाँ गिन ले. शाम तक गिनती बदल जाएगी.”

खलनायक हे वाक्य गद्दाराला म्हणतो, हातमोजे काढता काढता. आईकडे हातमोजे नव्हते. सगळ्या बसच्या माना वळल्या. मग कुणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले, एका म्हाताऱ्या सरदारजींनी त्या माणसाची कॉलर धरली आणि कंडक्टरने बस थांबवून त्याला उतरवलं. तो उतरताना खरंच आपल्या हाताकडे बघत होता.

नंतर आम्ही स्वेटर घेतले. घरी येऊन आईने कपडे बदलले, ती साडी भिजत घातली आणि बराच वेळ धूत बसली. नळावर मात्र तिने ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली, माणसाचा चेहरा कसा झाला, सरदारजी कसे धावले. पहिलं काय झालं ते तिने सांगितलं नाही. बायकांनी विचारलंही नाही. त्यांना अर्ध्या गोष्टीवरून पुरी कळायची.

पुढची वर्षं सोडून देते. वडील सुभेदार होऊन रिटायर झाले आणि गावी परतल्यावर दोन वर्षांच्या आत वारले. माझं लग्न झालं. नवरा पुण्याचा, गुडगावच्या एका परदेशी कंपनीत त्याला नोकरी लागली होती. नव्वदीच्या शेवटाला गुडगाव म्हणजे मोहरीची शेतं आणि त्यात मध्येच उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती. आमची सोसायटी अर्धी बांधलेली, पाणी टँकरचं, वीज जनरेटरची. पण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस आपण आता जगात पोचलो असं तोंड करून उभा. आईला मी माझ्याकडे आणलं.

नवऱ्याला सिनेमाची आवड. पुण्यातल्या फिल्म सोसायटीत तो वाढला होता, खाली अक्षरं येणारे सिनेमे बघत. ते मलाही आवडतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझा सिनेमा मात्र त्याला विनोद वाटायचा. आणि आई तर त्याहून मोठा विनोद. वाईट माणूस नव्हता तो. आईला अहो-जाहो करायचा, तिची औषधं स्वतः आणायचा. पण पाहुणे आले की हमखास म्हणायचा, “आई, तो दूधवाल्याचा डायलॉग म्हणा ना.” आई म्हणायची. पाहुणे हसायचे. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

“तुला कसला राग येतो?” तो विचारायचा. “त्यांना मजा येते.”

आमच्या खालच्या मजल्यावर जाहिरात कंपनीतला एक मोठा माणूस राहत होता. शेपटी बांधलेले केस, तोंडात सतत ‘यार’. त्याच्या डोक्यातून निघालं की सोसायटीच्या क्लबच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, सर्वांत टुकार हिंदी सिनेमा लावायचा. ऑफिसातून प्रोजेक्टर आणायचा, गॉगल-टोप लावून यायचं आणि जो सर्वांत जोरात हुर्यो उडवेल त्याला बक्षीस. पहिलाच सिनेमा कोणता ठरला, ते सांगायला नको.

मला हे काही माहीत नव्हतं. नवरा एवढंच म्हणाला, “आई, तुमचा पिक्चर लावणार आहेत. मोठ्या पडद्यावर.”

आई दोन दिवस आनंदात होती. तिने वडिलांनी आणलेली जांभळी साडी काढली, डबाभर चिवडा केला. “थेटरात खायला काही मिळत नाही चांगलं,” म्हणाली.

हॉलमध्ये शिरलो तर समोर वीस-पंचवीस माणसं, निम्म्यांच्या डोक्यावर केसांचे टोप, कुणी गालावर काजळाचा व्रण काढलेला, एकीच्या गळ्यात खेळण्यातली मगर. आई माझ्या कानात म्हणाली, “ही माणसं अशी का नटलीयत गं? नाटक पण आहे का?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चिवड्याचा डबा ठेवायला जागा शोधत होता.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या फ्रेमपासून कोलाहल. नायक आला, हुर्यो. दाढी चिकटवली, हुर्यो. मला वाक्यंच ऐकू येईनात. आई पुढे वाकून, कानाला हात लावून बसली होती. एकदा ती मागे वळून म्हणालीसुद्धा, “भाईसाब, ज़रा पिक्चर सुनने दो.” त्यावरही हशा पिकला.

खलनायक पडद्यावर यायच्या आधी त्या जाहिरातवाल्या शेजाऱ्याने सिनेमा थांबवला आणि माईक घेऊन आमच्यासमोर आला. दुसऱ्या हातात लहानसा व्हिडिओ कॅमेरा.

“आंटीजी, सुना है आपको पूरी फ़िल्म याद है?”

आई लाजली. “पूरी नहीं. आधी से ज़्यादा.”

ती उभी राहिली. पदर सारखा केला आणि खलनायकाचं पहिलं वाक्य म्हटलं: “इस शहर में दो ही चीज़ें बिना बुलाए आती हैं. एक मौत. और दूसरा मैं.” खरं सांगते, छान म्हटलं. पडद्यावरच्या त्या नटाइतकंच मनापासून. टाळ्या पडल्या, आईचा चेहरा फुलला. क्षणभर मलाही वाटलं, असू दे, आपणच जास्त करतोय.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “अब वो बस वाला!”

“हाँ हाँ, बस वाला!” शेजारी म्हणाला आणि सगळ्यांकडे वळला. “किसी ने बस में आंटीजी के पैर पर पैर रख दिया था…”

पायावर पाय.

लग्नाआधी, दिल्लीत मुनिरक्याला माझ्या मैत्रिणीच्या खोलीत बसून, मी नवऱ्याला ती गोष्ट सांगितली होती. पूर्ण सांगितली होती. धुतलेल्या साडीसकट. आणि त्याने त्यातून तो हात काढून तिथे पाय घातला होता आणि दारू पिता पिता ती या लोकांना वाटली होती.

आई थांबली. तिने माझ्याकडे नाही, जावयाकडे पाहिलं. मग ते वाक्य म्हटलं. हळू, कोरडं, मुलांना पाढे विचारावेत तसं. आणि त्याला तर आधीपेक्षा जास्त हसले सगळे. “शी इज प्राइसलेस,” कुणीतरी म्हणालं.

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि प्रोजेक्टरचा प्लग उपसला. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, अंधार झाला.

“जनरेटर आ जाएगा, बैठो बैठो,” शेजारी म्हणाला. गुडगावच ते, कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. सगळे निवांत बसून राहिले.

“लाइट नहीं गई,” मी म्हणाले. “मैंने निकाली है. आणि जिसने आपको यह बस वाली कहानी सुनाई है ना, उसने…”

माझ्या तोंडात हिंदी-मराठी एक झाली होती. तेवढ्यात मनगटावर आईचा हात आला. “चल घरी,” ती म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, ओढत नेलं मला.

घरी आल्यावर ती माझ्यावरच कडाडली. “चार माणसांत तमाशा केलास!”

“ते हसत होते तुला.”

“मग? मला कळत नव्हतं? वीस वर्षं काढलीत मी दिल्लीत.”

“कळत होतं तर म्हटलंस कशाला?”

“उभी राहिले होते, माईक हातात होता. बसू कशी एकदम?” ती पलंगावर बसली, पदराने कपाळ पुसलं. “आणि मला पिक्चर बघायचा होता. तोही बंद केलास.”

नवरा अर्ध्या तासाने वर आला. डबा तसाच भरलेला हातात. मी त्याला बाल्कनीत घेतलं.

“तू त्यांना खोटं का सांगितलंस?”

“खोटं कुठे? मी फक्त तेवढा भाग… अगं, तो मी कसा सांगणार होतो? आईंनाच अवघड झालं असतं.”

“मग सांगायचीच नव्हती.”

“पण किती भारी गोष्ट आहे ती. आणि ते सांगितलं असतं तर गंमत राहिली नसती.”

गंमत राहिली नसती. या वाक्यावर मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की खालच्या मजल्यावरच्यांनी बाल्कनीत येऊन वर पाहिलं. मी म्हणाले, तुम्ही लोक त्या सिनेमाला हसता कारण तुम्हाला वाटतं दोरी फक्त तुम्हाला दिसली. आम्हाला तेव्हाच दिसली होती. आम्ही तुमच्या दुप्पट हसलो होतो. पण हसून झाल्यावर आम्ही तिथेच बसलो, पुढचं बघायला. तुम्ही बसतच नाही. तुम्ही आधीपासून उभेच असता.

तो म्हणाला, “एका रबरी मगरीवरून एवढं?”

“हो,” मी म्हणाले, “एवढं.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येताना कॅसेट भाड्याने आणली आणि आम्ही दोघींनी तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अख्ख्या सिनेमात एकही माणूस प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. बजेट नाही, अक्कल बेताची, कथेला भोकंच भोकं. पण पिंपासमोर उभा राहिलेला शास्त्रज्ञ खऱ्या क्षेपणास्त्रासमोर उभा असल्यासारखा घाम पुसतो. कुणीही ‘मला माहीत आहे हो हे मूर्खपणाचं आहे’ असं तोंड करत नाही. सगळे आपापलं काम जीव तोडून करतात. त्या नव्या गुडगावात असं तोंड न करता जगणारी माणसं मला फार कमी दिसत होती.

आई मधूनमधून वाक्यं म्हणत होती, पुटपुटत. बसचं वाक्य आलं तेव्हा म्हणाली नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

उन्हाळा आला. एके दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. बटाट्याच्या वेफर्सची जाहिरात लागली. भरलेली बस. मोठं कुंकू लावलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, जांभळ्या साडीतली एक बाई. शेजारचा पोरगा हळूच तिच्या वेफर्सच्या पाकिटात हात घालतो. बाई मान वळवते आणि मुद्दाम विचित्र, गावंढळ केलेल्या हिंदीत म्हणते, “उँगलियाँ गिन ले. शाम तक गिनती बदल जाएगी.” कंडक्टरची मिशी गळून पडते. सगळी बस वेफर्स खाते.

नवरा आधी हसला. मग त्याचं हसणं अर्ध्यात तुटलं. आई पडद्याकडे बघत राहिली. पुढची जाहिरात साबणाची होती, तीही तिने तशीच बघितली.

तो उन्हाळाभर ते वाक्य दिल्लीत सगळ्यांच्या तोंडी होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांच्या डब्यात हात घालून ते म्हणत आणि खिदळत. मी माझा डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊन जेवत असे.

पण त्या संध्याकाळी मी थांबले नाही. चपला न घालताच खाली गेले आणि शेजाऱ्याची बेल वाजवली.

“अरे भाभी! देखा? कैसा लगा?” तो मिठाईचा डबा घ्यायला आत वळला. मी अभिनंदन करायला आले आहे असं त्याला वाटलं होतं.

“यह मेरी माँ है,” मी म्हणाले.

“ट्रिब्यूट है, यार! आंटीजी तो हमारी इंस्पिरेशन हैं. वैसे लाइन तो फ़िल्म की है.”

“लाइन फ़िल्म की है. औरत किसकी है? साड़ी किसकी है? बस किसकी है?”

“कैरेक्टर है, भाभी. बसों में ऐसी औरतें बहुत होती हैं.”

“हाँ, बहुत होती हैं. और ऐसे हाथ भी बहुत होते हैं.”

“कौन से हाथ?”

मग मी सांगितलं. भर संध्याकाळी, जिन्यात, मोठ्याने. कुठे होता तो हात, किती वेळ होता, माझं वय काय होतं, आईने घरी येऊन काय केलं. वरच्या-खालच्या दोन दारांच्या फटी उघडल्या, मी थांबले नाही. त्याचा चेहरा उतरला, हे कबूल करते. मग म्हणाला, “ओह. मुझे पता नहीं था.” आणि मग, अगदी प्रामाणिकपणे, आपल्या धंद्यातली अडचण सांगावी तसा: “लेकिन भाभी, वो तो ऐड में आ भी नहीं सकता था न.”

त्या रविवारी बाल्कनीत नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं, तेच. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी घरं, आणि तेच. मला मारावंसं वाटलं त्याला. मारलं नाही. वर आले.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“सांगितलंस,” ती म्हणाली.

“हो. आता ओरड.”

“नाही ओरडत. बरं केलंस.”

“मग त्या दिवशी मला ओढून का आणलंस?”

“त्या दिवशी मी तिथं होते,” आई म्हणाली. “सगळे माझ्याकडं बघत होते. मी उभी असताना कुणी माझं सांगायचं नाही.”

नवरा आतून बाहेर आला होता. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळल्यासारखा. “आई, माझी चूक झाली,” म्हणाला.

“झाली खरी, जावईबापू,” आई म्हणाली. “पिक्चरची गोष्ट कुणालाही सांगा, कशीही सांगा. तिला काय होतंय? माझी सांगायची तर मला विचारून सांगायची. आणि सांगितली तर सबंध.” मग तिने विचारलं, चहा कोण कोण घेणार.

त्याने नंतर आईला पाहुण्यांसमोर कधी काही म्हणायला लावलं नाही. शेजाऱ्याला त्या जाहिरातीबद्दल कसलंसं बक्षीस मिळालं, पार्टी झाली, आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी तो मोठ्या घरात राहायला गेला. तोवर आई त्याला लिफ्टमध्ये भेटली की राम राम करायची आणि तोही करायचा, नजर खाली घालून. तिने त्याला माफ केलं असावं. विचारलं नाही. तिचा राग तिच्या मालकीचा, माझा माझ्या. आणि माझा गेला नाही. मला तो जावा असं वाटतही नाही.

मार्केटमध्ये प्रत्येक दुकानाच्या दाराशी त्या वेफर्सच्या माळा लटकायच्या. एकदा भाजी आणायला गेलो असताना आईने एक पाकीट तोडायला सांगितलं, रस्त्यातच उघडलं आणि दोन-तीन खाल्ले. “मीठ जास्त आहे,” म्हणाली आणि पाकीट माझ्यापुढे केलं.

मी घेतलं नाही.